सैन्यभरती, मनाचा आजार आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरगावच्या कोणा विदुषींना बोलवायचे, त्यांचे विचार ऐकायचे, बालवाडीतल्या मुलांची गाणी ऐकायची आणि अल्पोपाहार करून घरी जायचे, असा आपला रिवाज आहे. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी आपल्यातल्याच कोणीतरी बोलावे असे ठरले आहे. तुम्ही बोला." मी प्रथम नाहीच म्हटले. मी मंडळाच्या शिवणवर्गात कापडाला कात्री लावणारी बाई. व्यासपीठावर उभे राहायची सवय नाही आणि विद्वत्ता तर मुळीच नाही. परंतु त्या रात्री जेवताना मी हे मुलाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आई, बोल तू. आणि बोलणारच असशील तर माझ्या भरतीचं खरं काय ते सांग." त्याने स्वतः सांगितले म्हणूनच मी आज उभी आहे.

भगिनींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल, २०२३ साली माझा मुलगा सैन्यभरतीला गेला होता आणि वैद्यकीय तपासणीत परत आला. तेव्हा तुम्ही आस्थेने चौकशीला आलात. मी प्रत्येकीला सांगितले, की त्याचे तळपाय सपाट निघाले. कोणी हळहळलात, कोणी तळपायांना तेल चोळायला सांगितलेत. आज या सभेत मी ते बोलणे परत घेते. त्याच्या तळपायांत काही दोष नव्हता. पंधराव्या वर्षी त्याच्या मनाच्या आजारावर उपचार झाले होते, आणि त्या कारणाने तो अपात्र ठरला. मी तुमच्याशी खोटे बोलले, याची क्षमा मागते आणि पुढचे सांगते.

आपल्या सातारा जिल्ह्यात सैन्य म्हणजे काय, हे मी सांगायला नको. अपशिंगे गावाला तर सारा मुलूख मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली सातारलाच निघाली. मराठा पलटणीचा इतिहास १७६८ पासूनचा सांगतात. आपल्याकडे मुलगा जरा हाडापेराने उंच झाला, की शेजारीपाजारी म्हणतात, "याला भरतीला पाठवा." माझे मामंजी पलटणीत होते आणि १९७१ च्या लढाईतून सुखरूप परत आले होते. त्यांची ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. माझा मुलगा लहानपणी त्या ट्रंकेवर बसून जेवायचा. तेव्हा त्याने काय व्हायचे, हे त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही कोणाला विचारले नाही. ते ठरलेलेच होते.

२०१८ च्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले. सकाळी रानात गेलेला माणूस दुपारी बैलगाडीतून घरी आला. मुलगा तेव्हा दहावीत होता. तेराव्यापर्यंत तो सर्वांना पाणी देत होता, पाहुण्यांची अंथरुणे घालत होता. सगळे म्हणाले, पोरगा मोठा धीराचा. मग पाहुणे गेले, आणि हा हळूहळू मिटत गेला. झोप नाही, जेवण नाही, शाळेत जायचे नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोराला कुणाची तरी बाधा झाली." त्यांच्या शब्दाखातर आम्ही दोन अमावास्या देवऋष्याकडे घालवल्या. एका रात्री तो मला अगदी शांतपणे म्हणाला, "आई, मी नसतो तर बरं झालं असतं." त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी त्याला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेले.

निघताना मोठ्या जाऊबाई दारात आडव्या आल्या. म्हणाल्या, "अगं, वेड्यांच्या डॉक्टरांकडं नेलंस, तर उद्या याला पलटणीत कोण घेईल आणि मुलगी कोण देईल?" त्या वाईट बाई नाहीत. माझ्या मुलाच्या काळजीनेच त्या बोलल्या. परंतु भगिनींनो, विचार करा. मुलाच्या प्राणाशी गाठ पडली होती, आणि त्या क्षणीसुद्धा आम्ही दोघी बायका दारात उभ्या राहून त्याच्या भरतीचा हिशेब करीत होतो!

डॉक्टरांनी औषध दिले, आणि दर पंधरवड्याला त्याला जवळ बसवून बोलते केले. अकरा महिने उपचार चालले. तिसऱ्या महिन्यात तो आपण होऊन गोठ्यात गेला आणि म्हशीची धार काढू लागला, तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. त्याने दहावीची परीक्षा दिली आणि पास झाला. २०१९ साली डॉक्टरांनीच औषध कमी कमी करून बंद केले. "आता गरज नाही. पुन्हा झोप उडाली तर मात्र उशीर न करता या," एवढे त्यांनी सांगून ठेवले.

आणि मग मी एक मूर्खपणा केला. घरी येऊन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या, फाईल, सगळे आंघोळीच्या बंबात घातले. मला वाटले, कागद जळाला म्हणजे गोष्ट मिटली. या मूर्खपणाची किंमत पुढे कशी मोजावी लागली, ते सांगते.

मुलगा पळायला लागला. करोनाच्या दिवसांत भरत्या बंद होत्या, तरी हा पहाटे पाचला माळावर असायचा. २०२२ च्या जूनमध्ये सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. चार वर्षांची नोकरी, आणि त्यातल्या शंभरात पंचवीसपर्यंत जणांना पुढे कायम ठेवायचे, अशी ती योजना. पुष्कळ घरांत त्यावर वाद झाले. आमच्याकडे वाद झाला नाही. तो म्हणाला, "चार तर चार." २०२३ साली त्याने अर्ज भरला. त्या वर्षापासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, असा क्रम झाला होता. संगणकावरची लेखी परीक्षा तो पास झाला. मैदानावर सोळाशे मीटर त्याने साडेपाच मिनिटांच्या आत काढले, दहा बीम मारले, खड्डा ओलांडला. राहिली ती फक्त वैद्यकीय तपासणी.

आदल्या रात्री मी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "जुन्या आजाराचं विचारलं, तर नाही म्हण. कागद कुठे आहे कोणाकडे?" हे मी, त्याची आई, म्हणाले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तिथं लिहून द्यावं लागतं आणि खाली सही करावी लागते. आजोबांच्या ट्रंकेवर बसून वाढलो मी. खोट्या सहीची वर्दी अंगात कशी घालू?"

नंतर मला वकिलांकडून कळले, की तो नुसते मानाचे बोलत नव्हता, शहाणपणाचेही बोलत होता. १९५० च्या लष्करी कायद्यात ४४ वे कलम आहे. भरतीच्या नमुन्यातल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे पुढे उघडकीस आले, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे आईने मायेपोटी दिलेला सल्ला मुलाला तुरुंगात नेऊन बसवू शकतो. आपल्यातल्या किती आया हा सल्ला देत असतील, देव जाणे.

त्याने खरे सांगितले. तपासणारे डॉक्टर सज्जन होते. त्यांनी सर्व नीट विचारून घेतले आणि कागदावर 'अपात्र' असे लिहिले. त्याच्याबरोबरच्या एका मुलाच्या कानात मळ निघाला होता, दुसऱ्याचे वजन जास्त भरले होते. अशा बरे होण्यासारख्या गोष्टींना मुदत मिळते. मुलगा कान साफ करून येतो, वजन उतरवून येतो. याला मात्र तशी मुदत नव्हती. जे होऊन गेले ते उतरवून कसे यायचे?

परंतु एकदा अपात्र ठरले म्हणजे तिथेच सारे संपते असे नाही, हेही आम्हांला त्या वेळी कळले. कारण लेखी मिळते, आणि ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. अधिकारी होण्यासाठी निवड झालेल्या मुलामुलींना तर आधी अपील मंडळ आणि नंतर पुनर्विलोकन मंडळ, अशा दोन पायऱ्या असतात. आम्ही फेरतपासणी मागितली. तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच, की आजार केव्हा झाला, किती दिवस औषध चालले, केव्हा थांबले, याचा कागद आणा. कागद बंबात गेलेले! मी मान खाली घालून पुन्हा त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रागे न भरता आपल्या दप्तरातून नोंद काढली आणि सर्व तारखांनिशी दाखला लिहून दिला. आपल्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क रोग्याला कायद्यानेच आहे, हेही त्यांनी समजावून सांगितले.

फेरतपासणीत लष्करातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्याशी बराच वेळ बोलून घेतले. शेवटी ते म्हणाले, "तू आज ठीक आहेस, हे मला दिसतं आहे. पण नियम पूर्वेतिहासाचा आहे." निर्णय कायम राहिला. मी आज तुम्हांला गोड शेवटाची गोष्ट सांगायला आलेले नाही. माझा मुलगा सैनिक झाला नाही.

आता या नियमाविषयी दोन शब्द. राग ओसरल्यावर मी त्याचा विचार केला. सैन्याला असे कडक का राहावे लागते? सियाचीनसारख्या बर्फातल्या चौकीवर आठवडेच्या आठवडे चार माणसांनी राहायचे असते. रात्री एकट्याने भरल्या बंदुकीनिशी पहारा करायचा असतो. तिथे झोप उडाली, मन खचले, तर ना औषध मिळते ना डॉक्टर, आणि बाकीच्या तिघांचा जीव त्या एकावर असतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या प्रवेशाच्या जाहिरातीतसुद्धा, पूर्वी कधी मन खचून आजार झाल्याचा किंवा फिट आल्याचा इतिहास नसावा, अशा अर्थाची अट छापलेली असते. हा विचार सर्वस्वी चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या मुली-मुलांच्या खांद्याला खांदा लावून तो सैनिक उभा राहणार, त्याही आयाच आहेत.

परंतु 'पूर्वी आजार होता' आणि 'आज आजार आहे' या दोन गोष्टी एक नव्हेत. हे माझे एकटीचे म्हणणे नाही, आपल्या संसदेचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे, की पूर्वी मनाच्या आजारावर उपचार झाले एवढ्यावरूनच त्या माणसाला आज किंवा पुढे मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कोणाला मानसिक आजार आहे म्हणून त्याची बुद्धी ठिकाणावर नाही, असेही धरता येणार नाही. या कायद्याने सैन्यात जागा मिळते असे नाही. सैन्य आपल्या कामासाठी आपल्या अटी ठेवते. परंतु निदान गावात, शाळेत, लग्नाच्या बैठकीत कोणी असा शिक्का मारू लागला, तर त्याला हे कलम ऐकवता येते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घडलेली एक गोष्ट मी वाचली, ती इथे लागू पडते म्हणून सांगते. त्या युद्धात सैन्यात घेण्यापूर्वी मनाची चाळणी लावायची, म्हणजे लढाईत माणसे खचणार नाहीत, असे तिथल्या तज्ज्ञांना वाटले. त्या चाळणीत लाखो तरुण गळाले. तरीही आघाडीवर माणसे खचतच राहिली. पुढे माणसे कमी पडू लागली, तेव्हा मनाच्या कारणावरून आधी नाकारलेल्या काही जणांना पुन्हा बोलावून भरती केले. अशा सुमारे दोन हजार जणांनी काय केले, याचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी शंभरात ऐंशीच्या आसपास लोकांनी समाधानकारक नोकरी केली होती. हेही खरे, की मनाच्या आजाराने घरी पाठवावे लागलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त होते, जवळजवळ दुप्पट. म्हणजे नियम करणारेही अगदी चुकले नव्हते आणि नाकारलेले तरुणही नालायक नव्हते. एका चाळणीने सगळ्यांना सारखे मोजले, एवढेच काय ते चुकले.

त्याच अमेरिकेच्या सैन्याने अलीकडच्या वर्षांत उदासीनतेच्या आजाराबद्दल जे नियम केले, त्यांत नुसते 'आजार होता का?' एवढेच विचारलेले नाही. उपचार एकूण बारा महिन्यांहून जास्त चालले का, रुग्णालयात ठेवावे लागले का, शेवटच्या छत्तीस महिन्यांत त्रास किंवा औषध होते का, असे प्रश्न आहेत. आणि त्यांतही अडले, तर एकेकाचे प्रकरण पाहून सूट मागण्याची सोय आहे. आपल्याकडच्या जाणत्या लोकांनी यावर विचार करावा, असे मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईला वाटते. बऱ्या झालेल्याला, तू बरा किती झालास, हे विचारले जावे, एवढीच अपेक्षा आहे. विचारूनही नाही म्हटले, तर आम्ही ते मान्य करू.

भगिनींनो, सैनिकाचे मन आजारी पडत नाही, अशी आपली एक समजूत असते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून परतलेली धडधाकट माणसे थरथरू लागली, मुकी झाली, तेव्हा १९१५ साली चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. ती सारी माणसे भ्याड होती काय? आणि आपल्या सैन्यालाही हे ठाऊक आहे. मन मोकळे करण्यासाठी टेलि-मानस नावाची सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. पुढे १ डिसेंबर २०२३ रोजी खास सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी या सेवेचा एक कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात निघाला. पलटणीतल्या जवानाने फोन उचलून मदत मागावी अशी जर सैन्याचीच इच्छा आहे, तर आपल्या घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराने मागितली तर आपण लाज का धरावी?

निकाल आल्यानंतरचे तीन आठवडे फार वाईट गेले. मुलगा पुन्हा खोलीत बसू लागला. पहाटेची पळापळ थांबली. माझ्या पोटात गोळा आला. मनात एकच विचार घोळत राहिला, की मीच याला डॉक्टरांकडे नेले नसते, तर आज याच्या अंगावर वर्दी असती. जाऊबाईंनी तोंडाने म्हटले नाही, पण त्यांच्या डोळ्यांत मला तेच दिसायचे. मी रात्र रात्र जागी राहून त्याच्या खोलीच्या दाराकडे पाहत असे.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, मला परत झोप येईनाशी झाली आहे. मी डॉक्टरांकडं जाऊन येतो." एकटाच गेला. एकटाच परत आला. येताना बाजारातून मेथीची जुडी घेऊन आला.

त्या दिवशी माझ्या मनातला गुंता सुटला. २०१८ साली मी त्याला ओढून नेले होते. आता तो आपल्या पायांनी गेला होता, कारण कुठे जायचे ते त्याला माहीत होते. मी नेले नसते तर त्याला वर्दी मिळाली असती, हा माझा हिशेबच चुकला होता. मी नेले नसते, तर अर्ज भरायला माझा मुलगा उरला असता का, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न विचारायचे धैर्य मला पाच वर्षे झाले नव्हते.

म्हणून आज तुमच्यापुढे काही गोष्टी ठेवते. यांत माझे शहाणपण नाही, माझ्या चुका आहेत.

मूल जेवत नाही, झोपत नाही, आपण नसतो तर बरे असे बोलते, अशा वेळी भरतीचा, लग्नाचा, लोकांचा विचार करून एक दिवसही घालवू नका. नोकऱ्या पुष्कळ आहेत. आधी मूल राहू द्या.

उपचारांचे कागद जाळू नका. भांड्यांच्या पावत्या आपण जपतो, शिलाईयंत्राची हमी जपतो, मग हे का जाळावे? आजार केव्हा आला याच्यापेक्षा केव्हा गेला, हे सांगणारा कागद जास्त मोलाचा असतो.

मुलाला किंवा मुलीला सैन्यात जायचे असेल, तर वैद्यकीय अटी आधीच वाचून घ्या. मुलगी असे मी मुद्दाम म्हणते. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून सतरा मुली पहिल्यांदाच शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या, तेव्हा हा प्रश्न आता मुलींच्या आयांचाही आहे. दोन-तीन वर्षे माळावर घाम गाळून शेवटच्या दिवशी अट कळणे, याच्यासारखे दुःख नाही. आमच्या बाबतीत तसेच झाले. आणि अपात्र ठरले तर मुदतीत फेरतपासणी मागा. त्या वेळी कोणी ओळखीचा म्हणून घरी येईल, इतके पैसे द्या, आतून काम करून देतो म्हणेल. आमच्याकडेही असा एक आला होता. सासूबाईंनी त्याला चहासुद्धा दिला नाही. तुम्हीही देऊ नका.

लपवायला शिकवू नका. मी शिकवले आणि मुलाने मलाच धडा दिला.

आणि एक विनंती शेजारणी म्हणून. कोणाचा मुलगा परत आला, तर "काय निघालं?" म्हणून खोदून विचारू नये. विचारले नसते, तर मला तळपायांची गोष्ट रचावी लागली नसती. परंतु हा दोष तुमच्यावर ढकलून मी मोकळी होत नाही. खरे सांगितले असते, तर तुम्ही मला सावरलेच असते, हे मला आज या सभेत तुमचे चेहरे पाहून कळते आहे.

मुलाचे आता काय चालले आहे, हे तुम्ही जाणताच. तो परिचारकाचे शिक्षण घेतो आहे, शेवटचे वर्ष आहे. रुग्णालयात रात्रपाळी करून आला, तरी पहाटे पाचला माळावर जातो आणि भरतीच्या तयारीतल्या मुलांना पळवतो. त्याच्या हातांखालची दोन मुले गेल्या वर्षी भरती झाली. त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा हा ढोलामागे चालत होता. रात्री घरी आल्यावर माळ्यावर चढला आणि आजोबांची ट्रंक पुसून ठेवली. मी काही विचारले नाही. त्याला अजून वाईट वाटते. वाटणारच. वाईट वाटणे हा आजार नव्हे, एवढे आम्हां दोघांनाही आता कळते.

परवा त्याच माळावरच्या एका मुलाची आई माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकण्याच्या निमित्ताने आली. कापड पुढे केले, माप दिले, तरी जाईना. मग हळूच म्हणाली, "काकू, आमचा पोरगा महिनाभर झोपत नाही. पण पुढच्या साली भरती आहे." मी यंत्र थांबवले, पायपुसण्यावर बसून तिच्याशी बोलले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर एस.टी.त बसून गेले. आमच्यातले आणखी काही मी सांगणार नाही. ते तिचे आहे.

मंडळाच्या शिवणवर्गाचे दार सकाळी दहापासून उघडे असते. शिवायला काही नसले तरी या.